मायचा हात

हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. माहेरी म्हसावदला आईला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही. घरातसुद्धा सांगितलं ते फार उशिरा, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण नाही जात.

आधी एक आनंदाची गोष्ट सांगू द्या. माझी लेक स्वरा आता सहा वर्षांची होईल, आणि ती जेवते. हे एवढंसं वाक्य लिहिताना माझी छाती फुगते! कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, उडदाची दाळ, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. चार बोटं बरबटून, नाक ओढत, "अजून" म्हणत जेवते. गल्लीतल्या बायका त्यांची मुलं घेऊन येतात आणि मला विचारतात, तू काय केलं गं? आमचं तर तोंडच उघडत नाही.

मी काय केलं — तेच तर सांगायचंय.

आम्ही शहाद्याला राहतो. मी एका शाळेत शिकवते. माझा नवरा प्रवीण, त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. आणि प्रवीणची आई. तिला आम्ही सगळे मायच म्हणतो, स्वरासुद्धा. मला ती मम्मी म्हणते. मायचं गाव तापीकाठी, प्रकाशा गावाजवळ. स्वरा झाली आणि माझी रजा संपली, तेव्हा घरचं शेत भाऊबंदांच्या भरवशावर टाकून माय आमच्याकडे आली. तिनं तिची चूल, तिची माणसं, तिचा ओटा सगळं सोडलं. कुणासाठी? माझ्या नोकरीसाठी. हे मी तेव्हा कधी मोठ्यानं म्हटलं नाही.

स्वरा लहानपणी जेवायची नाही. म्हणजे — माझ्या हातून जेवायची नाही. हे "माझ्या हातून" मी तेव्हा सगळीकडे गाळायचे. डॉक्टरांनाही सांगायचे, जेवतच नाही हो. खरं तर मायच्या ताटात ती बसायची, माय दुधात भाकरी कुस्करायची, आणि दोघींचं ताट रिकामं व्हायचं. माय बोलायचीही नाही फारसं. घास पुढे करायची, पोरीनं तोंड फिरवलं की स्वतः खायची. "भूक लागी तं मांगी," म्हणायची. आणि पोर मागायची.

मी मोबाईलवर बघून गाजराचे पराठे करायचे. फुलांच्या आकाराचे. रंगीत कप्प्यांची ताटली आणली होती. शाळेतून दमून यायचे, पदर खोचून तासभर ओट्याशी उभी राहायचे, आणि माझी लेक त्या फुलाकडे बघून मायच्या पाठीमागे लपायची. कसं वाटत असेल मला? — नाही, थांबा. हा प्रश्न मी विचारायला नको. तुम्ही "बिचारी" म्हणाल आणि मला ते आवडेल.

तो रविवार होता, दुपार. स्वरा साडेतीन वर्षांची. मी मूगडाळीची खिचडी केली होती, भाज्या बारीक किसून घातलेली. ठरवलंच होतं की आज मी भरवणार. स्वरा मायच्या मांडीवर, मी समोर, हातात वाटी आणि स्टीलचा चमचा. एका बाजूनं माझा चमचा, दुसऱ्या बाजूनं मायचा घास. मायनं घास मागे घेतला होता खरं तर — सुनेला पुढे होऊ द्यावं म्हणून. मग पोरगी रडायला लागली, म्हणून तिनं पुन्हा हात पुढे केला. तेवढ्यात स्वरानं माझी वाटी ढकलली. गरम खिचडी माझ्या मांडीवर. आणि ती वळली मायच्या हाताकडे, तोंड उघडून. चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडलं तिनं — मायसाठी.

मी मारलं. चमच्यासकट हात फिरवला. ओठ फुटला तिचा. पांढऱ्या फ्रॉकवर रक्त आलं.

मायच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, त्या बाजूचं तिला नीट दिसायचं नाही. आणि तिचा हात नेमका त्याच वेळी पोरीच्या तोंडाशी होता. हातात तिचं जुनं चांदीचं कडं. ती घाबरली. रक्त बघून तिचाच चेहरा पांढरा पडला.

"मन्हा हात लागना का?" तिनं विचारलं.

तिनं स्वतः विचारलं हो! मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. एक शब्द. वर्गात मी पोरांना दिवसातून शंभरदा नाही म्हणते. आणि मी काय म्हणाले?

"देखीसन भरावा ना, माय. तुमना हात हालस."

बघून भरवा ना, तुमचा हात हलतो. इतक्या सहज निघालं तोंडातून, की मलाच ते खरं वाटलं. तिचा हात हलत नव्हता. त्या हातानं ती भरल्या हंड्यातून थेंब न सांडता पाणी ओतायची.

प्रवीण बाहेरून धावत आला. "काय व्हयनं?" मी तेच सांगितलं. मायनं मान खाली घातली. प्रवीणनं स्वराला कडेवर घेतलं, विचारलं, "मायना हात लागना का बेटा?" पोरीनं माझ्याकडे बघितलं. साडेतीन वर्षांची पोर! तिनं माझा चेहरा वाचला आणि मान हलवली — हो.

म्हणजे एका दुपारी मी तीन गोष्टी केल्या. लेकीला मारलं. सासूवर घातलं. आणि लेकीला खोटं बोलायला शिकवलं, तेही एक शब्द न बोलता.

त्याच संध्याकाळी मायनं कडं उतरवून ट्रंकेत टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वराला भरवेना. पोर ताट घेऊन तिच्यापाशी गेली की ती हात मागे लपवायची, "मन्हा हात आते भरोसाना नही," म्हणायची. जेवायला बसताना आमच्यापासून हातभर लांब बसायला लागली. आणि मला — मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पोर आता माझ्या वाट्याला आली, असं वाटलं. काही दिवस ते समाधान मी अंगावर शालीसारखं पांघरून फिरले.

तुम्ही कधी स्वतःच्या हाताकडे टक लावून बघितलंय? हलतो का, हलतो का, म्हणत? बघा एकदा. हलायला लागतो. मायचाही लागला. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायला लागली. मग पीठ मळणं सोडलं. मग सुईत दोरा ओवणं. प्रवीणनं तिला दवाखान्यात नेलं, मी सोबत होते. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, बोटं तपासली. फारसं काही दिसत नाही म्हणाले, वयानं होतं थोडंफार, ताकदीच्या गोळ्या देतो. मी तिथं खुर्चीवर बसून होते. त्या गोळ्या रोज जेवणानंतर मीच तिच्या हातावर ठेवायचे, पाण्याचा पेला द्यायचे. "गोळी लीनी का, माय?" विचारायचे. प्रेमानं. गल्लीत सगळे म्हणायचे, सून असावी तर अशी.

आणि आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे खापराची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. बाकी महाराष्ट्र पोळी लाटतो. आमच्याकडच्या पोळीला लाटणं लागत नाही. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरायचं, आणि ती पोळी या हातावरून त्या हातावर झुलवत, झुलवत मोठी करायची, कोपरापर्यंत पसरेस्तोवर. मग चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. सगळं हातात असतं. आणि मायसारखी पोळी तिच्या गावात कुणाची नव्हती. लग्न झाल्यावर पहिल्या आखाजीला मी ती बघितली, तेव्हा तोंडात बोट घातलं होतं. इतकी पातळ, की पलीकडचा जाळ दिसायचा.

त्या आखाजीला मायनं खापर काढलंच नाही. गावाहून मायच्या जाऊबाई बोलवायला आल्या, तर म्हणाली, "मन्हा हात गया." आम्ही बाजारातून पोळ्या आणल्या. पुढच्या आखाजीलाही आणल्या. मी खाल्ल्या त्या. घशाखाली उतरल्या, हेही सांगते.

मग स्वरा जेवायला कशी लागली? बायका विचारतात ते हेच. सांगते. त्या रविवारनंतर मला माझ्या हाताची भीती वाटायला लागली. तिच्यापुढे ताट ठेवायचे आणि माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. भरवायचं नाही, ओरडायचं नाही, चमचा तर नाहीच. सुरुवातीला ती उपाशीच उठायची. मी गप्प. मग एक दिवस तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग दाळीत बुडवला. मी फुलं-बिलं करणं सोडून दिलं आणि आम्ही खातो तेच तिला वाढायला लागले. तिला पीठ मळून दिलं, तिनं वेड्यावाकड्या भाकऱ्या थापल्या आणि स्वतःच संपवल्या. शाळेतल्या पालकसभेत मी यावर बोललेही — मुलांना जबरदस्ती करू नका, त्यांच्या हातावर विश्वास ठेवा. टाळ्या पडल्या. हातावर विश्वास ठेवा! मी म्हणाले हे. घरी एक म्हातारी कप दोन हातांनी धरून बसलेली असताना.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. हिरव्या वांग्याचं भरीत होतं. मी ओट्याशी भाकरी थापत होते. स्वरा मायसमोर ताट घेऊन बसली आणि म्हणाली, "माय, तू भरव ना."

"नको व चिमी. मन्हा हात लागी जाई तुले."

"तुझा हात कुठे लागला होता?" स्वरा घास चावता चावता म्हणाली. "मम्मीचा लागला होता."

अगदी साधेपणानं. पाऊस पडला होता, दूध सांडलं होतं, तसं.

माय माझ्याकडे वळून हसली. "देख वं वैशू, कशी मन्ही बाजू लई ऱ्हायनी!" तिला वाटलं पोर तिची बाजू घेतेय, तिला बरं वाटावं म्हणून बोलतेय. तव्यावर माझी भाकरी करपली.

पोरीला सगळं आठवत होतं. इतके दिवस ती ते घेऊन माझ्याशेजारी जेवत होती. मला वाटायचं, हे खोटं माझ्या एकटीच्या पोटात आहे.

त्याच दिवशी दुपारी माय मागच्या अंगणात उन्हात बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. किती वाक्यं जुळवून आणली होती! थकवा, शाळा, तापलेलं डोकं — सगळी कारणं ओळीनं लावलेली. एकही निघालं नाही.

"माय, त्या रोज तुमना हात नही लागना व्हता. मी मारं व्हतं स्वराले."

शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. मला वाटलं, आता माय उठेल, गावाला निघून जाईल. किंवा माझ्या थोबाडीत मारेल. मारायला हवं होतं.

तिनं तिचे दोन्ही हात समोर धरले. पालथे केले, उलटे केले.

"म्हंजे… मन्हा हात हालना नव्हता?"

"नही, माय. कव्हयच नही." कधीच नाही.

"कव्हयच नही?"

"कव्हयच नही."

आणि माय हसली हो! मी शपथेवर सांगते. आधी ओठ थरथरले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातून हसू फुटलं. "मी तं समजनी, मन्हं सरनं आते!" ती म्हणाली. माझं संपलं आता, असं समजून बसली होती ती. तिच्या हातांची बातमी तिला माझ्या पापापेक्षा मोठी होती. त्या क्षणी मी तिथं होते, हेही ती विसरली असावी.

मग आठवलं तिला. हसू गेलं.

"दोन आखाजी गयात मन्हा," ती म्हणाली. "आन पोरले मारीसन मन्हावर घालं तू."

"हा, माय."

"सांजले सगळा जेवाले बसतीन, तव्हय प्रवीणले सांग. पोरसमोर सांग. मी सांगनार नही. तू सांग."

मी सांगितलं. संध्याकाळी, ताटावर, खिचडी-कढी वाढल्यावर. प्रवीणनं हातातला घास ताटात ठेवला आणि उठून बाहेर गेला. पुढे बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि त्याचं बरोबर होतं. स्वराला मी म्हणाले, "तुला मी मारलं होतं. मायनं नाही. आणि मी खोटं बोलले." तिनं मान डोलावली. "मला माहीते," म्हणाली, आणि कढीची वाटी पुढे केली, अजून दे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं पेला काठोकाठ भरून घेतला आणि घरभर चालली. पाणी सांडलं. सवय इतक्यात जात नाही. ती हातालाच रागावली — "खोटाडा!" — आणि पुन्हा भरला. मग कणीक मळायला घेतली. मग छोट्या पोळ्या, बशीएवढ्या. फाटायच्या. फाटलेली ती खायची, नाहीतर स्वराला द्यायची, आणि पुढची घ्यायची. गोळ्या तिनं स्वतःच्या हातानं केरात टाकल्या. मी शेजारी बसून पुरण वाटून द्यायचे. बोलायची ती माझ्याशी, कामाचं. रागावली आहे का, माफ केलंय का — तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आणि यंदाची आखाजी! पहाटेच तिनं मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली, गावाहून मागवलेलं खापर पालथं घातलं, पदर कमरेला खोचला. ट्रंकेतून कडं काढून हातात घातलं होतं. गल्लीतल्या बायका भिंतीवरून बघत होत्या, मग आतच आल्या. शेजारच्या शमीमभाभीही आल्या. पहिली पोळी फाटली. मायनं तो तुकडा स्वराच्या हातावर ठेवला, हात धुतले, दुसरा गोळा घेतला.

ती पोळी तिच्या हातांवर चढली. या हातावरून त्या हातावर, पुन्हा या हातावर. तळव्याएवढी, परातीएवढी, मनगट गेलं, कोपर आलं. चुलीचा जाळ तिच्यातून लाल दिसायला लागला. आणि तिनं ती अशी सोडली खापरावर, की एक सुरकुती नाही! बायका ओरडल्याच. प्रवीण दारात उभा होता, त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. माय कुणाकडे बघत नव्हती. तिसरा गोळा तिच्या हातात होता.

दुपारी पंगत बसली. माय स्वराला मांडीवर घेऊन, पोळी रसात बुडवून तिला भरवत होती. आता स्वतःच्या हातानं जेवणारी माझी लेक चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडत होती — मायसाठी. मी वाढत होते. मला ते बघून काय झालं, ते मला सांगता येत नाही. जिंकल्यासारखं वाटलं, एवढंच सांगते. त्यात माझं काही नव्हतं, तरी.

शमीमभाभींनी विचारलं, "माय, कौनसी दवा ली? हाथ तो एकदम पहले जैसा हो गया!"

"दवा नही वं," माय म्हणाली. "मन्हा हातले काही व्हयेलच नव्हतं."

एवढं बोलून ती थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. पुढचं वाक्य माझं होतं. ते तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं.

शमीमभाभी हसल्या. "तुम्हारी बहू ने बहुत करा तुम्हारा," म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आणि मी रसाचं पातेलं हातात घेऊन उभी राहिले. बोलले नाही. सगळ्या गल्लीसमोर पुन्हा एकदा बोलले नाही.

ते वाक्य हे. माझ्या सासूच्या हाताला कधीच काही झालेलं नव्हतं. माझ्या लेकीला मी मारलं होतं.